सासऱ्यांची धडधड, वाढलेली साखर आणि हायपरथायरॉइड (नागपूर)

मनीषनगरची_सून | २७ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण घरातल्या प्रत्येकाचं मत ऐकून डोकं भणाणलंय.

सासरे, वय ६७, वीज मंडळातून निवृत्त. साखर जुनी, पण गोळ्यांवर आटोक्यात होती. होळीनंतर वजन उतरायला लागलं. पट्ट्याला नवी भोकं पाडून पॅन्ट घालायचे. जेवण कमी नव्हतं, उलट दुपारी दोनदा चिवड्याच्या डब्यात हात. तरी साखर चढलेली. आमच्याकडे निकाल झटकन लागला : बाबा चोरून आंबे खातात. एका डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवून दिली. रात्री झोप नाही, चिडचिड, त्यावर नणंदेचं मत की रिटायरमेंट सोसत नाहीये. घामाघूम होतात, त्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या नवतपा आहे, कोणाला घाम येत नाही? हात थरथरतात, तर वय झालं. चहा दिला की कपबशी खुळखुळायची आणि टीपॉयवर ठेवेपर्यंत अर्धा चहा बशीत.

गेल्या आठवड्यात पहाटे छातीत धडधड सुरू झाली आणि थांबेचना. धंतोलीत नेलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा अनियमित ठोका, निघालं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी मानेला हात लावून पाहिला आणि पहिल्यांदा कोणीतरी थायरॉइडची तपासणी लिहून दिली. टीएसएच ०.०१, फ्री टी-४ दुपटीच्या आसपास. सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये गाठी. आता स्कॅन सांगितलाय आणि अँजिओग्राफीचंही चाललंय.

विचारायचं ते हे : साखर, धडधड, झोप, थरथर, वजन हे सगळं एकाच गोष्टीचं आहे का? आणि आता आणखी काय काय तपासून घ्यावं? आमच्या घरात आजवर थायरॉइड म्हणजे बायकांचा, वजन वाढवणारा आजार एवढंच माहीत.


वर्धारोड_फिजिशियन | २७ मे, रात्री ११:०५

एकाच गोष्टीचं असण्याची शक्यता भरपूर आहे. औषधं इथून लिहून देणार नाही, पण जोडण्या कशा आहेत ते सांगतो.

थायरॉइडचं हार्मोन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीचा कामाचा वेग ठरवतं. ते जास्त झालं (यालाच हायपरथायरॉइड म्हणतात) की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी आपला हुकूम, म्हणजे टीएसएच, मागे घेते. म्हणून टीएसएच तळाला आणि टी-४, टी-३ (हीच थायरॉइडची हार्मोन्स) वर. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर रिपोर्ट उलटा वाचला जाणार नाही. बरेच लोक टीएसएच 'कमी' पाहून थायरॉइड कमी आहे असं समजतात आणि कोणाची तरी उरलेली थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, गोळी चालू करतात. म्हणजे आगीत तेल.

हृदय आधी, कारण घाई तिथेच असते. हायपरथायरॉइडच्या साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन होतं आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढत जातं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासातून १९९४ साली आलेली आकडेवारी आम्हाला शिकवली जाते : साठीपुढच्या ज्या लोकांचं टीएसएच ०.१ किंवा त्याखाली होतं, त्यांना पुढच्या दहा वर्षांत हा अनियमित ठोका होण्याचा धोका तिपटीच्या घरात होता. यातल्या बऱ्याच लोकांना थायरॉइडचा म्हणून काही त्रासच नव्हता. ठोका असा विस्कटला की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. तुमच्या सासऱ्यांचं वय ६५च्या वर आणि त्यात मधुमेह, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबद्दल त्यांचे डॉक्टर बोललेच असतील. नसतील तर उद्याच विचारा, स्कॅनची वाट पाहू नका.

साखरेचं : हार्मोन वाढलं की यकृत जास्त साखर सोडतं, आतडं ती भराभर शोषतं आणि इन्सुलिन लवकर मोडून पडतं. आंबे खाल्लेही असतील, पण गोळी न पुरण्याला हे कारण पुरेसं आहे. आता पुढचं महत्त्वाचं. थायरॉइड आटोक्यात यायला लागलं की साखर आपणहून उतरते, आणि तेव्हा वाढवलेली गोळी तशीच चालू राहिली तर साखर खाली कोसळते. घरी ग्लुकोमीटर ठेवा.

स्नायू : खाली बसून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो का, जिना चढताना मांड्या भरून येतात का, बघा. हाडं : मोडणं-बांधणं दोन्ही वेगात होतं आणि मोडणं पुढे जातं. बाळंतपणं आणि पाळी संपलेल्या बायकांत हे जास्त नडतं, पण ६७ वर्षांच्या पुरुषालाही हाडांच्या घनतेची तपासणी गैर नाही.

आणि नणंदेला सांगा, हायपरथायरॉइडमध्ये झोप उडणं, चिडचिड, घाबरेपणा, कधी खरंच उदासी, हे सगळं होतं. मनाच्या गोळ्या सुरू करायच्या आधी एक टीएसएच करायला हरकत नसते.


सक्करदऱ्याचा_भाऊ | २८ मे, सकाळी ७:३१

ताई, तुमचे सासरे तरी चालून दवाखान्यात गेले. माह्या किस्सा ऐका.

वय तेव्हा ३१. रोज जिम, अंगात ताकद. फक्त वजन कमी होऊन राह्यलं होतं, म्हटलं बरं आहे, कटिंग होऊन राह्यली. मित्राच्या लग्नात बुफेवर तुटून पडलो. पुऱ्या, पुलाव, जिलेबी, वरतून आइस्क्रीम. रात्री दोनला झोपलो. सकाळी उठायला गेलो तं पायच नाही. म्हणजे दिसते आहे, पण हलतच नाही. हात उचलाले गेलो तं तेही अर्धेच उचलून राह्यले. बायको रडाले लागली, म्हणे लकवा मारला. दोघाजणांनी चादरीत टाकून गाडीत घातलं.

दवाखान्यात रक्त काढलं, पोटॅशियम २ च्या खाली. हळूहळू पोटॅशियम दिलं, संध्याकाळपर्यंत मी उभा. सगळे म्हणे अशक्तपणा होता, घरी जा. एक शिकाऊ डॉक्टरीण होती, तिनं माह्या पसरलेल्या हातावर कागद ठेवला, कागद फडफडला. तिनंच थायरॉइड करायला लावलं. निघालं!

मले आजही लोक विचारतात, माणसाले थायरॉइड होते काय बे?


वर्धारोड_फिजिशियन | २८ मे, सकाळी ८:१०

भाऊ, त्या शिकाऊ डॉक्टरला शंभर गुण. याला थायरोटॉक्सिक पिरिऑडिक पॅरालिसिस म्हणतात. गंमत अशी की हायपरथायरॉइड बायकांत कितीतरी जास्त, पण हा झटका मात्र जवळजवळ पुरुषांचाच, तोही आशियाई वंशाच्या २० ते ४० वयाच्या पुरुषांचा. गोडधोड आणि पिठूळ खाणं पोटभर झालं की इन्सुलिन उसळतं, थायरॉइडच्या हार्मोनमुळे पेशींचे पंप आधीच जोरात असतात, आणि रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ओढलं जातं. शरीरातून ते गेलेलं नसतं, जागा बदललेली असते. म्हणूनच पोटॅशियम देतानाही बेतानं द्यावं लागतं, नाहीतर परत फिरलेलं पोटॅशियम वर उसळून हृदयाला त्रास देतं. जड व्यायामानंतरच्या विश्रांतीतही हे होतं. एकदा थायरॉइड ताळ्यावर आलं की झटके थांबतात. तोवर लग्नाची पंगत जपून.


वाळ्याची_ताटी | २८ मे, दुपारी १:४४

मला एक कळत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ला टेकलेला असताना घाम, धडधड, अशक्तपणा, झोप न येणं कोणाला नसतं? मग ओळखायचं कसं? आमच्याकडे तर लाइट गेली की अख्ख्या गल्लीला हायपरथायरॉइड.


वर्धारोड_फिजिशियन | २८ मे, दुपारी ३:२०

प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या ओपीडीतही उन्हाळ्यात हे निसटतं. माझी दोन-तीन ठोकताळ्यांची यादी देतो, त्याला शास्त्र म्हणू नका.

उन्हानं भूक मरते. ताक, कैरीचं पन्हं आणि दहीभात एवढ्यावर माणूस दिवस काढतो. भूक वाढलीय आणि वजन उतरतंय, ही जोडी उन्हाळ्याची नाही. (म्हाताऱ्यांत भूक कमीही होते, त्यामुळे भूक नाही म्हणजे थायरॉइड नाही असंही धरू नका.)

दुसरं, झोपेतली नाडी. पहाटे चारला कूलर चालू, अंगावर चादर, माणूस गाढ झोपलाय आणि नाडी शंभरच्या घरात, तर त्याचा उन्हाशी संबंध नाही. घरच्यांनी मनगट धरून मोजायची, एक मिनिट पूर्ण. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नका, ठोका अनियमित असेल तर फसाल.

तिसरं, बाकी घर स्वेटर शोधतंय आणि एकजण पंखा लावून बसलाय, हे जानेवारीत दिसतं. नागपूरची थंडी त्या बाबतीत प्रामाणिक.


लॅबवाली_ताई | २८ मे, रात्री ९:०२

पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून तपासणीच्या बाजूचं लिहिते.

उपाशीपोटी यायची गरज नाही. लोक उगाच सकाळचा चहा सोडून, चिडलेल्या चेहऱ्यानं रांगेत उभे असतात. गरज असते ती खरं सांगण्याची : कोणत्या गोळ्या चालू आहेत. केस गळतात म्हणून हल्ली सगळ्या मुली बायोटिन खातात, त्या गोड रंगीत गोळ्या. बऱ्याच मशीनची पद्धत अशी आहे की रक्तात बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. म्हणजे धडधाकट मुलीचा रिपोर्ट हुबेहूब हायपरथायरॉइडसारखा. तपासणीच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवायचं, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधीपासून. आणि ज्यांच्या मानेत दुखतंय, नुकताच ताप येऊन गेलाय, त्यांनी तेही सांगा.


वर्धारोड_फिजिशियन | २८ मे, रात्री ९:४०

ताईंनी शेवटी जे लिहिलंय ते सोडू नका. टी-४ जास्त असण्याची कारणं मुळातच वेगळी असतात आणि उपचार त्यावर ठरतो.

ग्रेव्ह्ज आजारात शरीर स्वतःच थायरॉइडला चिथवणारी अँटिबॉडी बनवतं. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्जनं १८३५ साली त्याचं वर्णन केलं, जर्मनीत बासेडोनं १८४० साली. गलगंड, बाहेर आलेले डोळे आणि धडधड हे त्रिकूट बासेडोनंच मांडलं. दुसरं, गाठी स्वतंत्रपणे हार्मोन बनवायला लागतात. हे उतारवयात जास्त, तुमच्या सासऱ्यांचं तसं वाटतंय. तिसरं, विषाणूच्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन गळतं. नवीन काही बनत नसतं, म्हणून तिथे कार्बिमॅझोल (हार्मोन बनणं रोखणारी गोळी) देऊन उपयोग नाही, ते गळून संपेपर्यंत धडधडीची गोळी पुरते. स्कॅनमध्ये पहिल्यात ग्रंथी सगळी तापलेली (म्हणजे जास्त काम करणारी), दुसऱ्यात ठरावीक ठिपके, तिसऱ्यात जवळजवळ कोरी दिसते. आणि चौथं, आपल्याकडे फार : थायरॉक्सिनचा डोस जास्त होणं. बारीक व्हायला म्हणून घेणारेही भेटतात.

मनीषनगरच्या ताई, तुमच्या पोस्टमधल्या अँजिओग्राफीकडे परत येतो. त्यातला डाय आयोडीनचा असतो. गाठी असलेल्या ग्रंथीला एकदम एवढं आयोडीन मिळालं तर हार्मोन आणखी उसळू शकतं, आणि काही आठवडे आयोडीनचा स्कॅनही नीट होत नाही. छातीत दुखण्याची निकड असेल तर अँजिओग्राफी थांबवायची नसते. निकड नसेल तर हृदयाचे आणि थायरॉइडचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले बरे. तसंच ठोका नीट करायला अमिओडॅरोन नावाची गोळी देतात. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. हिशेब तुम्हीच करा. ती गोळी वाईट नाही, पण लिहिणाऱ्याला थायरॉइडचा रिपोर्ट माहीत हवा.


निसर्गमित्र_रामटेक | २९ मे, सकाळी ६:१५

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा धन्याचं पाणी उपाशीपोटी, कांचनार गुग्गुळ आणि आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव. कोबी-फ्लॉवर वर्ज्य. तीन महिन्यांत मुळापासून जातं.


लॅबवाली_ताई | २९ मे, सकाळी ९:३०

'मुळापासून' गेलेले लोक माझ्याकडेच येतात, एकदम तिप्पट टी-३ घेऊन.

धन्याचं पाणी प्या, मस्त लागतं. पण धडधड चालू असताना गोळी बंद करून नाही. आणि घरातलं मीठ एकासाठी बदलायचं नसतं, त्याच घरात लहान मुलं आणि गरोदर सून असते. या देशात गलगंड होता म्हणून १९६२ पासून सरकारी कार्यक्रम चालवावा लागला. स्कॅन किंवा आयोडीनच्या उपचाराआधी काही दिवस आयोडीन कमी करायला सांगतात, ते डॉक्टर लिहून देतात. बाकी कोबीचा मुद्दा हायपरवाल्यांना लागूच नाही. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मात्र खरंच टाळा, त्यात आयोडीन ठासून असतं.


प्रशासक | २९ मे, सकाळी ९:५५

मीठ आणि कोबी यावर वेगळा धागा काढा. इथले ११ प्रतिसाद हलवले आहेत.


धरमपेठ_कट्टा | २९ मे, रात्री ८:४८

माझं ग्रेव्ह्ज. आधी डोळ्यांचं, मग थायरॉइडचं कळलं, म्हणजे उलटा प्रवास. लोक म्हणायचे काय टक लावून बघतेस. वरची पापणी वर ओढलेली, बुबुळाच्या वर पांढरं दिसायचं. रात्री डोळे पूर्ण मिटायचे नाहीत, सकाळी उठताना डोळ्यांत वाळू. चष्म्याच्या दुकानात थेंब, मग दुसरे थेंब, मग ऍलर्जी म्हणून तिसरे. शेवटी एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, वजन किती कमी झालं हो?

मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं ते इथे लिहिते : थायरॉइडचे आकडे नॉर्मल झाले तरी डोळे आपल्या चालीनं चालतात. दोन्ही डॉक्टर लागतात. आणि एकाचे दोन दिसायला लागले, रंग फिके वाटायला लागले तर त्याच दिवशी जायचं.

डॉक्टर, तुम्हाला प्रश्न. भावालाही निघालंय. तो सिगारेट सोडेल म्हणतो पण खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडणार नाही. चालेल?


वर्धारोड_फिजिशियन | २९ मे, रात्री १०:१५

सिगारेटचा पुरावा भक्कम आहे. ग्रेव्ह्ज असलेल्या माणसानं सिगारेट ओढली तर डोळे बिघडण्याची शक्यता वाढते, बिघाड जास्त तीव्र होतो आणि उपचारांना दाद कमी मिळते. किरणोत्सारी आयोडीन (जास्त काम करणारी ग्रंथी निकामी करणारा उपचार) घेतल्यावर डोळे चिघळण्याचा धोकाही ओढणाऱ्यांना जास्त, म्हणून डोळे बिघडलेले असतील तर ते आयोडीन टाळतात किंवा सोबत स्टिरॉइड देतात. खर्ऱ्याचं विचाराल तर तो सोडायला थायरॉइडचं निमित्त कशाला हवं? मेडिकल कॉलेजच्या तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात एक चक्कर पुरे.


त्रिमूर्तीनगर_कन्या | ३० मे, सकाळी ११:२६

माझं वय २८, ग्रेव्ह्ज, कार्बिमॅझोल चालू. डिसेंबरात लग्न. सासरी अजून सांगितलेलं नाही, आई नको म्हणते. मूल होण्यात अडचण येते का?


गोळ्यांचा_डबा | ३० मे, दुपारी १२:४०

(बर्डीत औषधाचं दुकान.) बाळाबद्दल डॉक्टर सांगतील, मी कार्बिमॅझोलबद्दल एक सांगतो, कारण चिठ्ठीवर हे कोणी लिहीत नाही आणि काउंटरवर गर्दीत सांगणं होत नाही. गोळी चालू असताना ताप आला, घसा खूप दुखायला लागला, तोंडात फोड आले, तर मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक मागायचं नाही. कार्बिमॅझोल थांबवायची, त्याच दिवशी रक्ताचा सीबीसी (पेशींची मोजणी) करायचा आणि डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायचा. हजारात काही जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम तळाला जातात, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. क्वचित होतं, पण झालं तर घसा दुखतोय म्हणून घरी बसणं महागात पडतं. डोळे पिवळे, लघवी गडद, तरी तसंच.

प्रोप्रॅनोलॉल (धडधडीची गोळी) मागायला येणाऱ्यांना मी एकच विचारतो : दमा आहे का? निम्मे म्हणतात 'थोडासा'. थोडासाही डॉक्टरांना सांगा.


वर्धारोड_फिजिशियन | ३० मे, रात्री ९:१८

त्रिमूर्तीनगर, अडचण येते ती आजार मोकाट असताना. पाळी कमी-जास्त होते, गर्भ राहायला वेळ लागतो, गर्भपाताचा आणि वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो. आकडे नीट असताना ग्रेव्ह्ज असलेल्या कितीतरी बायकांची बाळंतपणं व्यवस्थित होतात.

फक्त दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, नंतर नाही. कार्बिमॅझोलमुळे पहिल्या तीन महिन्यांत बाळात काही दोष होऊ शकतात, म्हणून त्या काळासाठी बहुधा पीटीयू या गोळीवर नेतात. पीटीयूचा यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून ती सगळ्यांना सरसकट देत नाहीत. किरणोत्सारी आयोडीन घेतलं तर त्यानंतर किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि तुमच्यातली अँटिबॉडी वार ओलांडून बाळापर्यंत जाते, त्यामुळे ऑपरेशन झालेलं असलं, आकडे नॉर्मल असले तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना 'मला ग्रेव्ह्ज होता' हे सांगायचंच.

सासरी सांगायचं की नाही हा माझा प्रांत नाही. नवऱ्याला माहीत असलेलं बरं, गोळ्या लपवून खाल्ल्या की चुकतात.


पेठेतली_काकू | ३० मे, रात्री १०:०३

सगळं सांग. आमच्या वेळी लपवलेलं पुढे दहापट होऊन निघालं. बाळा, तुझ्या नवऱ्याला पहिल्या भेटीतच सांग.

बरं, माझा प्रश्न. मुलीला ग्रेव्ह्ज आहे आणि आता हातावर कोडाचे डाग दिसायला लागलेत. त्वचेच्या डॉक्टरांनी बी-१२ करायला सांगितलं. याचा त्याचा काय संबंध?


वर्धारोड_फिजिशियन | ३० मे, रात्री १०:३०

संबंध आहे काकू. ग्रेव्ह्ज हा स्वतःच्या शरीरावर उलटलेल्या प्रतिकारशक्तीचा आजार, आणि ती एकदा उलटली की तिला दुसरीकडेही जायची खोड असते. कोड, चाई, टाइप-१ मधुमेह, गव्हाचा सीलिअॅक आजार, बी-१२ शोषलंच न जाणं, सांधेवात, हे ग्रेव्ह्जवाल्यांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. सगळ्यांना सगळं होत नाही आणि सगळ्या तपासण्या सरसकट करायच्या नसतात. लक्षण दिसलं की त्या वाटेनं जायचं. तुमचं घर शाकाहारी असेल तर बी-१२ कमी येण्याचं साधं कारण ताटातच असतं, तेही धरून चाला. पापण्या संध्याकाळी जड होऊन मिटायला लागल्या तर मात्र सांगा, मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार ग्रेव्ह्जच्या सोबतीनं क्वचित येतो.


वाळ्याची_ताटी | ३० मे, रात्री ११:१२

अवांतर, पण राहवत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश १९९१च्या मे महिन्यात जॉगिंग करताना दमले, तपासलं तर एट्रियल फिब्रिलेशन, मागोमाग ग्रेव्ह्ज निघाला. बायको बार्बराला तो आधीच होता! नवरा-बायकोत रक्ताचं नातं नाही, मग व्हाइट हाऊसचं पाणीसुद्धा तपासायला घेतलं होतं म्हणे. म्हणजे राष्ट्राध्यक्षांचंही आधी हृदयच बोललं, थायरॉइड नंतर.


मनीषनगरची_सून | ६ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. थोडक्यात सांगते. स्कॅनमध्ये दोन गाठी तापलेल्या, बाकी ग्रंथी दबलेली. डोळ्यांचं काही नाही. छातीत दुखत नसल्यामुळे अँजिओग्राफी सध्या पुढे ढकलली, दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले. रक्त पातळ करायची गोळी वॉरफेरिन, धडधडीची गोळी आणि कार्बिमॅझोल सुरू. पुढे आकडे खाली आले की किरणोत्सारी आयोडीन द्यायचं म्हणतात. घरात दीड वर्षाचा नातू आजोबांच्या अंगाखांद्यावरच असतो. त्याचं काय करायचं? ठोका आपोआप नीट होईल का? आणि टीएसएच परत केलं तर अजून ०.०१च आहे, औषध लागू पडत नाहीये का?


वर्धारोड_फिजिशियन | ६ जून, रात्री १०:४०

आयोडीनचं आधी. हा उपचार नवा नाही, १९४१ साली बोस्टनमध्ये पहिल्यांदा दिला गेला. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, आणि लघवीवाटे पहिल्या एक-दोन दिवसांतच बरंच निघून जातं. नातवाला आणि कोणी गरोदर असेल तर तिला काही दिवस लांब ठेवायचं, किती ते डोसवर ठरवून न्यूक्लिअर मेडिसिनवाले लेखी देतात. वेगळं अंथरूण, संडासात दोनदा पाणी, कपडे वेगळे धुवायचे. नातवाला तेवढे दिवस मावशीकडे धाडता आलं तर सगळ्यात सोपं, दीड वर्षाच्या पोराला लांब बस म्हणून कोण ऐकवणार? नंतर थायरॉइड कमी होऊ शकतं. तसं झालं तर रोज एक गोळी, आणि ते सांभाळणं यापेक्षा फार सोपं.

ठोका बऱ्याच जणांत हार्मोन नॉर्मल झाल्यावर काही महिन्यांत आपोआप ताळ्यावर येतो. ठोका जुना असेल, हृदय आधीच थकलेलं असेल तर येईलच असं नाही. वॉरफेरिनबद्दल एक : हायपरथायरॉइड असताना ती कमी डोसातही जोरात लागते. थायरॉइड उतरेल तसा डोस वाढवावा लागतो. म्हणून आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) या काळात वरचेवर. आणि पुन्हा तेच, साखरेची वाढवलेली गोळी. उपाशीपोटीची साखर शंभरच्या खाली यायला लागली की फोन करायचा, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.


लॅबवाली_ताई | ६ जून, रात्री १०:५५

टीएसएचचं मी सांगते. ते फार उशिरा जागं होतं. कितीतरी दिवस दबून राहिल्यामुळे टी-४ नॉर्मल झाल्यावरही काही आठवडे, कधी काही महिने तळालाच दिसतं. सुरुवातीला औषध लागू पडतंय का ते फ्री टी-४ आणि टी-३ वर बघतात. तुम्ही फक्त टीएसएच करून पैसे वाया घातलेत. चार ते सहा आठवड्यांनी तिन्ही एकत्र करा, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील.